बिनखर्चाची सुट्टी

आमच्या शाळेत वार्षिक परीक्षेच्या आधी पालकसभा होते आणि तीत सुट्टीविषयी चार शब्द बोलण्याचे काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. मी गणित शिकवतो. आवाज मृदू आहे, आणि कुणाला लागेल असे मी बोलत नाही. एवढ्याच पात्रतेवर ते काम माझ्याकडे आले असावे. समोर बसलेले पालक वाळूजच्या कारखान्यांत पाळ्या करणारे, रिक्षा चालवणारे, दुकानांत हिशेब लिहिणारे. उन्हाळी शिबिरांची फी त्यांच्या आवाक्याबाहेरची. त्यांना मी सांगतो की मुलांना रमवायला पैसा लागत नाही. ऊन चढण्यापूर्वी त्यांना हिमायत बागेत न्या आणि पाखरांचे आवाज ओळखायला लावा. संध्याकाळी पाणचक्कीच्या हौदाशी बसवा. चिंचोके फोडून त्यांचे फासे करा आणि फरशीवर खडूने पट आखा. नळाला पाणी येईल त्या दिवशी बादल्या भरण्याचे काम मुलांना द्या. अपूर्णांक आपोआप समजतात. पालक हसतात, माना डोलावतात. हे सारे मी अनेकदा सांगितले, पण स्वतःच्या घरी करून पाहण्याची वेळ यंदाच्या उन्हाळ्यात आली.

माझी मुलगी फुलंब्रीला दिली आहे. जावयांची शेती आहे आणि शहरात नोकरीही. ते रोज मोटारसायकलने ये-जा करतात. परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी दोन्ही लेकरांना घेऊन आली. मोठी नात चौथीची परीक्षा दिलेली, नातू पहिलीतला. माझी पत्नी गेल्यापासून या घरात मी एकटाच असतो, त्यामुळे मला आनंद झाला. बॅगा उघडताना एकीत मुलांचे स्वेटर निघाले. भर उन्हाळ्यात स्वेटर. मी ते घडी घालून कपाटावर ठेवले आणि घाईत भरले गेले असतील, असे मनाशी म्हणालो. मुलगी माझ्याकडे पाहत उभी होती. मी तिला विचारले, "चहा घेतेस का?"

पहिले काही दिवस फार चांगले गेले, असे मी तेव्हा म्हणालो असतो. समोरच्या घरातील वहिनींनी त्याच आठवड्यात आमच्या गच्चीवर कुरडया घातल्या. चीक शिजताना लेकरे पातेल्याभोवती बसली आणि साखर घालून वाटीभर खाऊनच उठली. नंतर कुरडयांची राखण त्यांच्याकडे दिली.

"सर, ह्या राखणदारापेक्षा कावळे बरे," वहिनी वरून ओरडल्या. "निम्म्या कुरडया ह्यानं ओल्याच खाल्ल्या."

"मी कावळाच आहे," नातू म्हणाला.

"व्हय का? मग चोच दाखव."

त्याने जीभ दाखवली. वहिनींनी त्याच्या डोक्यावर ओला हात पुसला. मुलगी जिन्याच्या पायरीवर बसून हसत होती आणि मला वाटले, माहेरपण म्हणजे हेच.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी बैठकीत फरशीवर पट मांडून आम्ही तिघे खेळत होतो. खाली रस्त्यावर एक मोटारसायकल येऊन थांबली. गाडी कुणा शेजाऱ्याची होती. पण दोन्ही लेकरांनी एकमेकांकडे न पाहता चिंचोके गोळा केले, खडूचा पट तळव्यांनी पुसून टाकला, आणि भिंतीला पाठ लावून, मांडीवर पुस्तक घेऊन ती बसली. पुस्तक मोठीचे होते. धाकट्याने हाताशी आलेले पंचांग उघडले होते. मला कौतुक वाटले. वर्गात ही शिस्त आणायला मला निम्मे वर्ष लागते.

"शहाणी आहेत गं लेकरं," मी मुलीला म्हणालो. "चांगलं वळण लावलंस."

ती भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली, काही बोलेल असे वाटले, आणि तिने ती पुन्हा उचलली.

ऊन वाढल्यावर मी दौलताबादचा बेत ठरवला. पहिल्या एसटीने जायचे आणि ऊन तापायच्या आत किल्ला उतरायचा. मुलीला अर्धे तिकीट, लेकरांना अर्धे. वाहकाने पैसे घेताना आमच्यावरून नजर फिरवली.

"काय आजोबा, आख्ख्या घरात पूर्ण तुम्ही एकटेच?"

लेकरे खदखदून हसली. नातू नंतर रस्ताभर मला "पूर्ण आबा" म्हणत राहिला.

किल्ल्याच्या पायथ्याशी मुलगी म्हणाली, "तुम्ही जा वर. माझी कंबर धरलीये, चढण नाय जमायची." पायवाटेच्या कडेला रसवंती होती, तिच्या सावलीत ती बसली. मी दोघांना घेऊन वर गेलो. ज्यांनी तो किल्ला पाहिला असेल त्यांना अंधारी ठाऊक असते: खडकात खोदलेला वळणावळणाचा बोगदा, पायऱ्या उंचसखल, वटवाघळांचा उग्र वास. आमच्या पुढे काही मंडळी चालली होती. शत्रूची येथे कशी फसगत होई ते दाखवण्यासाठी त्यांच्या मार्गदर्शकाने सर्वांना मोबाइलचे दिवे विझवायला सांगितले. मीही माझा विझवला. तसला काळोख शहरात पाहायला मिळत नाही. डोळे उघडे आहेत की मिटलेले हेच कळेना. डोक्यावरून काहीतरी फडफडत गेले. नातवाने किंचाळण्यासाठी श्वास घेतलेला मला ऐकू आला, पण किंकाळी आली नाही. ती मध्येच दाबली गेली. मग अगदी माझ्या कोपराशी नातीचा आवाज आला. हळू आणि समजावणीचा.

"गप. ओरडायचं नाय. ओरडलं की पप्पा मम्मीला मारतात ना."

दिवे पुन्हा लागले. नातीचा तळहात भावाच्या तोंडावर होता आणि दुसऱ्या हाताने तिने त्याचे डोके मागून धरले होते. मूल धडपडूही नये, गुदमरूही नये, अशी ती पकड होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि हात काढून घेतला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, तिने केलेले काम रोजचे असावे तसा तो होता.

आम्ही खाली आलो. मुलीने चौघांसाठी रस सांगितला.

"काय काय पाहिलं रे?"

"वटवाघळं! आणि आबा घाबरले."

"आबा नाय घाबरत."

"घाबरले. माझा हात लई जोरात धरला त्यांनी. विचार दीदीला."

मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मी रसाचा पेला तोंडाला लावला. थंड होता, आले घातलेले होते. मी म्हणालो, "गोड आहे नाही रस?" परतीच्या गाडीत मी लेकरांना खिडकीतून तटबंदी दाखवत राहिलो.

त्यानंतर माझ्या मनात जे चालले त्याला विचार म्हणणे योग्य होणार नाही. विचाराला दिशा असते. माझे मन एकाच जागी उभे राहून पाय आपटत होते. लहान मूल आहे, ऐकीव काही बोलले असेल. एकदा कधी हात उचलला गेला असेल. आपण बोललो तर प्रकरण वाढेल. न बोललो तर कदाचित निवळेल. या सगळ्याच्या तळाशी एक सोय होती. जोवर मुलगी स्वतः तोंडाने मला सांगत नाही, तोवर मला ते अधिकृतपणे माहीत नाही. आणि ती सांगू शकेल अशी रिकामी वेळ मी घरात शिल्लक ठेवली नाही. एका सकाळी वेरूळ झाले. पहाटेच्या टेकड्या झाल्या. जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांचे कागदी पक्षी झाले, ओल्या चादरींचे तंबू झाले, कलिंगडाच्या बिया वाळवून त्यांच्या माळा झाल्या. आमच्याकडे नळाचे पाणी दिवसांच्या अंतराने येते. ते आले त्या दिवशी गच्चीवर टब भरून दोघांना त्यात बसवले. त्यांच्या ओरडण्याने गल्ली जागी झाली. त्या पाण्यात मीही पाय बुडवून बसलो. कोणी छायाचित्र काढले असते तर ते मी पालकसभेत दाखवले असते.

एका दुपारी मुलगी कैऱ्या चिरत होती. मान वर न करता तिने विचारले, "बाबा, तुमच्या शाळेत पाचवीला जागा असतात का हो?"

"जून लागल्यावर कळतं. काही पोरं गावाकडं जातात, काही येतात."

"हेडसरांना कुणी आधीच सांगून ठेवलं तर?"

"कुणासाठी?" मी विचारले.

कुणासाठी! ज्या माणसाने तिच्या मुलांचे स्वेटर आपल्या हातांनी कपाटावर ठेवले होते, त्याने हे विचारले. ती म्हणाली, "असंच. एक जण विचारत होती." आणि कोय विळीवर जोरात दाबली.

जूनच्या तोंडाशी जावयांचा फोन आला. "मामा, रविवारी येतो न्यायला. ऊन चढायच्या आत निघू."

"या पाहुणे," मी म्हणालो. "जेवूनच जा."

मुलीला मी हे सांगितले तेव्हा ती "बरं" म्हणाली. तिने बॅगा काढल्या. मी गुलमंडीवर जाऊन खण आणि नारळ आणला. लेक माहेराहून निघताना तिची ओटी भरतात, ते काम तिची आई करत असे. पुरुषाने ते करायचे नसते. म्हणून मी वहिनींना रविवारी सकाळी येण्याची विनंती केली. आपण आपल्या दिवंगत पत्नीच्या जागी उभे राहून तिचे काही चुकू देत नाही आहोत, असे मला खरोखर वाटत होते. खण निवडताना मी रंगही तिच्या आवडीचा घेतला. त्या साऱ्या नीटनेटकेपणात मी लेकीला घराबाहेर काढण्याची तयारी करत होतो, आणि ते रीतसर होते म्हणून मला ते तसे दिसले नाही.

रविवारी वहिनी न्हाऊन, काठाची साडी नेसून आल्या. लेकरे गच्चीवर होती. मी पाट मांडला. मुलगी येऊन बसली, अंगात रोजचाच ड्रेस. वहिनींनी तिला कुंकू लावले आणि ओंजळीत तांदूळ घेतले.

"ओढणीनं चालतं गं, आता कोण बघतंय. पसर."

मुलीचे दोन्ही हात मांडीवर होते. ते हलले नाहीत.

"पसर ना माय. सांडतील."

"बाबा," ती म्हणाली. तिने माझ्याकडे सरळ पाहिले. "पसरू का?"

मला उत्तर सुचले नाही असे नव्हे. उत्तर होते. ते घशापर्यंत येऊन, सवयीप्रमाणे, सौम्य शब्द शोधत थांबले होते.

"दौलताबादला पोरगी काय बोलली, ते तिनं मला त्याच दिवशी सांगितलं," मुलगी म्हणाली. "मला वाटलं, आज विचारतील. उद्या विचारतील. तुम्ही आम्हाला वेरूळला नेलं."

वहिनींची नजर तिच्यावरून माझ्याकडे आली. त्यांची ओंजळ तशीच हवेत होती.

"नको," मी म्हणालो.

"काय म्हणलात सर? ऐकू नाय आलं."

आयुष्यभर ज्या आवाजाची लोकांनी तारीफ केली, तो चार हातांवर पोहोचला नव्हता. मला ते पुन्हा म्हणावे लागले आणि दुसऱ्यांदा म्हणणे अधिक कठीण होते, कारण आता ते माझ्याही कानांना ऐकू आले. "नको म्हणालो. ओटी भरू नका. ती जाणार नाही."

वहिनींनी तांदूळ ताटात सोडले. "मग आधी सांगावं न्हवं का? मी सकाळपासून न्हाऊन बसले," त्या म्हणाल्या, आणि लगेच मुलीच्या खांद्याला हात घालून त्यांनी तिला उठवले. "चल. चहा टाकू. तोंड धू आधी."

मुलगी रडली नाही, माझे आभारही तिने मानले नाहीत. दोघी आत गेल्या. मी ताट हातात धरून उभा राहिलो.

जावई वेळेवर आले. मी दाराशीच म्हणालो, "पाहुणे, ती येणार नाही."

"का? बरं नाय का?"

"बरं आहे. तुम्ही तिला मारता, म्हणून."

ते आत येऊन खुर्चीवर बसले. पाण्याचा तांब्या त्यांनी शांतपणे संपवला. "मामा, तुम्ही सर माणूस. घरात भांड्याला भांडं लागतं, ते तुम्हाला मी काय सांगू?" मला वाटले, बोलायचे ते बोलून झाले. हलके वाटत होते, जणू फार मोठे काम उरकले. आतल्या खोलीचे दार बंद होते. तेवढ्यात नातू गच्चीवरून धावत आला आणि बापाच्या मांडीला बिलगला. तो बापावर जीव लावून होता. लेकरे असतातच तशी.

"चल रे, एक चक्कर मारून येऊ गाडीवर," जावई म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, अगदी नम्रपणे, "नेऊ ना मामा? का ते पण नको?"

आमच्यात जावयाला घरातून रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. हे कोणी शिकवत नाही, ते अंगातच असते. मी त्या माणसाला नुकताच नकार दिला होता, आणि त्या नकाराची भरपाई करण्याची घाई माझ्या अंगातल्या त्याच जागेतून आली जिथून खण आणि नारळ आले होते. मी म्हणालो, "न्या. लवकर या. जेवायचं आहे."

गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवला.

मुलगी बाहेर आली. "पोरगा कुठंय?"

"चक्कर मारायला गेला."

ती अनवाणी रस्त्यावर धावली. डांबर तापलेले होते. वहिनी चपला घेऊन तिच्या मागे गेल्या. गल्लीच्या टोकाशी ती उभी राहिली, आणि मी गच्चीकडे पाहिले तर नात कठड्याला टेकून तिथून सगळे पाहत होती.

संध्याकाळी फोन आला. "मामा, पोराची शाळा इकडं आहे. तो इथंच राहील. तिला यायचं तेव्हा ती येईल, दार उघडंय."

नात आता माझ्याच शाळेत पाचवीत आहे. हेडसरांना मी सांगितले. एका वाक्याचे काम होते. नातवासाठी कोर्टात अर्ज केला आहे; वकीलबाई म्हणतात, धीर धरा, कागद पुढे सरकतो आहे. मुलगी एका दुकानात जाऊ लागली आहे. माझ्याशी ती रोजच्यासारखी बोलते: भाजी काय आणू, गोळी घेतली का. नातवाला नेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातच तिने एकदा म्हटले होते, "तुम्ही वाईट नाही, बाबा." मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली. तो आला नाही, आणि तो मला ठाऊक असल्यामुळे मी मागितलाही नाही.

दर रविवारी मी एसटीने फुलंब्रीला जातो. मुलीला ते दाराशी येऊ देत नाहीत. मला ओट्यापर्यंत येऊ देतात. नातवाची दुसरी आजी उंबऱ्यात खुर्ची टाकून बसते, आणि मला व नातवाला तिच्या देखत वेळ काढायचा असतो. घेऊन जाता येत नाही, आत बसता येत नाही, खाऊ दिला तर तो आधी आत नेला जातो. उरते ते बिनखर्चाचे. परवा मी चुलीतला कोळसा मागून घेतला आणि फरशीवर एकात एक तीन चौकोन काढले. अंगणातले खडे वेचले, त्याचे काळे, माझे पांढरे, आणि त्याला नवकंकरी शिकवू लागलो. तीन खडे एका ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा. तो लवकर शिकला. त्याने माझे दोन खडे उचलले, तिसऱ्यावर बोट ठेवले आणि थांबला.

"आबा, मम्मीची सुट्टी अजून संपली नाय का?"

खुर्ची करकरली. आजी पुढे वाकली होती. आत भांड्यांचा आवाज थांबला. मला दिसत होते की मी एखादे गोड वाक्य बोलावे यासाठी ते घर क्षणभर थांबले आहे. मी ते बोललो असतो तर पुढच्या रविवारीही मला ओट्यावर बसू दिले असते.

"ती सुट्टीवर नाही रे," मी आतपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालो. "तिला इथं मारायचे म्हणून ती आता तिकडंच राहते. तुला न्यायला बघतेय."

"पुरे झालं सर," आजी म्हणाली. "उठा आता."

नातू खड्यांकडे पाहत होता. मला वाटले, त्याला कळले नाही. त्याने माझा तिसरा खडा उचलून आपल्या ढिगात ठेवला आणि हलक्या आवाजात, आजीला ऐकू जाऊ नये असा, म्हणाला, "थांबा ना आबा. तुमचा डाव आहे."